फाइल पोहोचली, पण उघडते का?

पत्राचा गोषवारा: दादरला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचं हे पत्र. वय ६३. इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेच्या त्या सचिव आहेत. घरात २०११ साली घेतलेला विंडोज ७ चा डेस्कटॉप आहे. त्यात दिवंगत यजमानांनी मराठीत टाइप केलेले लेख, घरचे फोटो, मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ आणि संस्थेचे टॅली या हिशोबाच्या प्रोग्राममधले हिशोब, असा सगळा मिळून १८० जीबीचा ऐवज आहे. मुलीने नवा लॅपटॉप घेऊन दिला. दुकानदार म्हणतो, "मशीन आणून द्या, सगळा डेटा टाकून देतो. जुनं ठेवून घेतो आणि वर दोन हजार देतो." भाचा म्हणतो, सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, चढव. मुलगी म्हणते, लागेल तेवढंच घे, बाकीचं सोड. ताईंनी पेन ड्राइव्हवरून थोडं नेऊन पाहिलं. व्हिडिओ कॉपीच झाला नाही, आणि लेख उघडले तर इंग्रजी अक्षरं नि चौकोन दिसले. जुनं मशीन पावसाळाभर बंद होतं, आता चालू केल्यावर तारीखही चुकीची दाखवतं. "फाइली खराब झाल्या का? दुकानदाराला देऊन मोकळी होऊ का? आणि हे माझ्याच्याने होण्यासारखं आहे का?" असं त्या विचारतात.

ताई, नमस्कार.

काळजीचं आधी. लेख खराब झालेले नाहीत. यजमानांनी ज्या फॉन्टमध्ये टाइप केलं, तो फॉन्ट नव्या लॅपटॉपवर नाही, एवढंच झालंय. व्हिडिओही धड आहे. बाजारात मिळणारे बरेचसे पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. पेन ड्राइव्हमध्ये जागा कितीही मोकळी असो. दोन्हींवर इलाज आहे.

पण तुमच्या पत्रात, आणि तुम्हाला सल्ला देणाऱ्या तिघांच्याही बोलण्यात, एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: फाइल या मशीनवरून त्या मशीनवर कॉपी झाली की काम झालं. तसं नसतं हे तुमच्या लेखांनीच दाखवून दिलंय. फाइल पोहोचली पण उघडली नाही, तर ती आलीच नाही असं धरायचं. लेखांना फॉन्ट लागतो. हिशोबांना टॅली लागतं, त्याचं लायसन्स लागतं. क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड फोल्डर उचलून नेले तरी येत नाहीत. कशाला काय लागतं याचा शोध जुनं मशीन चालू असेपर्यंतच घेता येतो. म्हणून ते आत्ता कुणाच्याही ताब्यात देऊ नका, दोन हजारांसाठी तर नाहीच. नव्या लॅपटॉपवर किमान एक महिना काम करा, संस्थेच्या बिलांची एक फेरी त्यावर पूर्ण होऊ द्या, मग जुन्याचं बघा.

दुकानदाराच्या हेतूवर शंका घेण्याचं कारण नाही. अडचण वेगळी आहे. 'सगळा डेटा' म्हणजे त्याच्या लेखी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डी ड्राइव्ह. टॅली.ईआरपी ९ चा डेटा बहुतेक वेळा सी ड्राइव्हवर टॅलीच्याच फोल्डरमध्ये असतो. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात. आउटलुक वापरत असाल तर मेलची फाइल कधीकधी लपवलेल्या फोल्डरमध्ये असते. तुमच्या घरातल्या कामाची माहिती नसलेल्या माणसाला हे सापडेलच असं नाही, आणि मशीन फॉरमॅट झाल्यावर तुमच्या लक्षात येऊन उपयोग नाही. शिवाय सचिव म्हणून तुमच्याकडे सभासदांची कागदपत्रं असणार: आधार, पॅनच्या प्रती, नॉमिनेशनचे फॉर्म, भाडेकरार. ती डिस्क दुकानाच्या फडताळात पडून राहणं बरं नाही.

हे तुमच्याच्याने होईल. टॅलीत हिशोब बघणाऱ्या माणसाला यातली एकही पायरी अवघड नाही, फक्त क्रम पाळायचा. स्क्रू काढायची वेळ आली तर भाच्याला बोलवा.

सुरुवात जुन्या मशीनच्या तब्येतीपासून. तारीख चुकीची दिसते याचं कारण मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय. सीआर२०३२, ३ व्होल्टचा, घड्याळजीकडेही मिळतो. मशीन बंद करून, भिंतीतली पिन काढून, सीपीयूची बाजूची पत्री काढली की चकतीसारखा दिसतो. अक्षरं असलेली बाजू वर ठेवून नवा बसवायचा. ही तारीख दुरुस्त करणं महत्त्वाचं आहे, कारण ती चुकीची असली की अनेक वेबसाइट्स 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत, आणि टॅलीच्या लायसन्सचं काम करताना इंटरनेट लागणारच आहे. एक अडचण मात्र संभवते. सेल संपल्यामुळे किंवा बदलल्यामुळे बायॉसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रामची, सेटिंग्ज मूळ पदावर जातात. त्यात हार्ड डिस्कची पद्धत 'आयडीई'वरून 'एएचसीआय' किंवा उलट झाली, तर विंडोज सुरू होता होता निळा पडदा दाखवून पुन्हा रिस्टार्ट होतं. घाबरून विंडोज नव्याने टाकू नका. बायॉसमध्ये 'साटा मोड' शोधा, आहे त्याच्या उलट करा, सेव्ह करून बाहेर या.

पावसाळ्यात मुंबईची दमट हवा बंद ठेवलेल्या मशीनला चालू मशीनपेक्षा जास्त बाधते. चालू केल्यावर लांब लांब बीप ऐकू आले आणि पडद्यावर काहीच दिसलं नाही, तर बहुतेक वेळा रॅमच्या पट्टीचे सोनेरी संपर्क काळवंडलेले असतात. पट्टी काढून साध्या खोडरबराने हलकेच पुसायची, भुगा झटकायचा आणि क्लिक असा आवाज येईपर्यंत परत दाबून बसवायची.

मग डिस्क तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम विंडोज ७ वर चालतो. तो उघडला की डिस्कची प्रकृती 'गुड', 'कॉशन' किंवा 'बॅड' अशी दिसते. 'गुड' असेल तर निवांत पुढे जा. 'कॉशन' आलं तर डिस्कवरचे काही भाग वाचता येईनासे झाले आहेत. अशा वेळी क्रम महत्त्वाचा: सर्वांत आधी लेख आणि टॅलीचा बॅकअप, मग फोटो, शेवटी व्हिडिओ. डिस्क दुरुस्त करण्यासाठी 'चेक डिस्क' किंवा डीफ्रॅग चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला त्या कामाचा ताण झेपत नाही, आणि जे वाचवता आलं असतं तेही जातं. डिस्कमधून टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा. पुन्हा पुन्हा चालू करून बघणं हेच त्यात सर्वांत घातक.

आता भाच्याचा क्लाउड. गूगलच्या साध्या खात्याला १५ जीबी मोफत मिळतात, मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हला ५ जीबी. तुमचा ऐवज १८० जीबीचा. पैसे भरून जागा घेता येईल, पण विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. अशा मशीनवर खात्याचा पासवर्ड टाकून दिवसचे दिवस अपलोड करत बसू नये. हवं तर नव्या लॅपटॉपवर सगळं आल्यावर तिथून लेख आणि निवडक फोटो चढवा, तो एक चांगला जादा बॅकअप होईल. दोन्ही मशीन केबलने जोडून नेटवर्कवरून कॉपी करणं हाही मार्ग आहे, पण विंडोज ७ आणि विंडोज ११ मध्ये परवानग्यांची वादावादी होते, ते सोडवण्यात दुपार जाते. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्यासाठी योग्य माध्यम म्हणजे एक एक्सटर्नल हार्ड डिस्क, ५०० जीबी किंवा १ टीबीची. काम झाल्यावर तीच तुमची तिसरी प्रत होईल. ती नव्या लॅपटॉपला जोडा, राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'फाइल सिस्टिम'पुढे एनटीएफएस आहे की एक्सफॅट ते बघा. फॅट३२ सारख्याच या फॉरमॅटच्या पद्धती. दोन्ही विंडोज ७ ला वाचता येतात आणि दोन्हींना ४ जीबीची मर्यादा नाही. फॅट३२ असेल तर फॉरमॅट करून बदला. डिस्क नवीन आहे तोवरच, कारण फॉरमॅट मारल्यावर आतलं सगळं जातं.

मुलगी म्हणते लागेल तेवढंच घे. निवड करायला माझा विरोध नाही, ती आत्ता करायला आहे. १८० जीबी आजच्या लॅपटॉपला जड नाही, आणि 'हे नको' हा निर्णय थकलेल्या मनाने, जुन्या संथ मशीनसमोर बसून घेतला की हमखास चुकतो. सगळं उचला, निवड नंतर सवडीने करा. उचलायचं नाही ते फक्त 'विंडोज' आणि 'प्रोग्राम फाइल्स' हे फोल्डर (फॉन्ट आणि टॅलीचा डेटा वेगळा घ्यायचा, ते पुढे सांगते). बसवलेला प्रोग्राम फोल्डर कॉपी करून नव्या मशीनवर चालत नाही, तो नव्याने बसवावा लागतो.

कुठे कुठे बघायचं ते सांगते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, डाउनलोड्स, डी ड्राइव्ह हे तर झालंच. त्याशिवाय सी ड्राइव्हच्या मुळाशी कुणी थेट बनवलेले फोल्डर, 'युझर्स'मध्ये यजमानांच्या नावाचं वेगळं खातं असेल तर ते, 'पब्लिक' फोल्डर आणि रिसायकल बिन. मग शोधाच्या चौकटीत डॉक, पीडीएफ, जेपीजी, एक्सएलएस अशा प्रकारांनी सगळं सी ड्राइव्ह धुंडाळा. एखादा विसरलेला फोल्डर असाच वर येतो. एक्सप्लोररच्या 'फोल्डर ऑप्शन्स'मध्ये लपवलेल्या फाइली दाखवण्याची खूण आधी करून ठेवा. झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेल्या पेन ड्राइव्हमुळे एक व्हायरस फार पसरला होता, ज्यात खरे फोल्डर लपवले जातात आणि त्यांच्या जागी बाण असलेले शॉर्टकट दिसतात. तसे शॉर्टकट दिसले तर त्यांवर क्लिक करू नका, खरा फोल्डर फिकट दिसेल तो उचला.

कॉपी करताना चार गोष्टी. एक्सटर्नल डिस्क सीपीयूच्या मागच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टला कधीकधी वीज कमी पोहोचते आणि डिस्क मध्येच सुटते. पॉवर ऑप्शन्समध्ये 'स्लीप' कधीच नको असं ठेवा. कायम कॉपी करा, कट कधीच नाही. मध्येच डिस्क सुटली तर कट केलेला फोल्डर अर्धा इकडे, अर्धा तिकडे राहू शकतो. आणि सगळा ड्राइव्ह एकदम उचलण्यापेक्षा एकेक मोठा फोल्डर घ्या, म्हणजे कुठे अडलं ते कळेल. २०११ च्या मशीनला बहुधा यूएसबी २ पोर्ट असतील. त्यांतून सेकंदाला साधारण ३० एमबी जातात, म्हणजे १८० जीबीला पावणेदोन तास. प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट धरा, कारण हजारो लहान फाइली एका मोठ्या फाइलपेक्षा कितीतरी हळू जातात. 'पाथ टू लाँग' असा निरोप आला तर त्या फाइलचं नाव, तिच्या फोल्डरांची नावं मिळून लांबी २६० अक्षरांच्या पुढे गेलीय. वरच्या फोल्डरचं नाव आखूड करा, फाइल जाईल. फाइली फार असतील तर टेराकॉपी हा मोफत प्रोग्राम वापरा. तो कॉपी झाल्यावर मूळ आणि प्रत जुळते का तेही तपासतो.

प्रत्येक फोल्डर झाल्यावर दोन्हीकडे राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. फाइलींची संख्या आणि 'साइज' जुळायला हवी. खालची 'साइज ऑन डिस्क' जुळणार नाही, प्रत्येक डिस्कचे कप्पे वेगळ्या मापाचे असतात, तिकडे लक्ष देऊ नका. डिस्क काढताना 'सेफली रिमूव्ह' करूनच काढा. आणखी एक, फोटोंबाबत: कॉपी केल्यावर फाइलची 'क्रिएटेड' तारीख आजची दिसेल. फोटो कधी काढला ती तारीख कॅमेऱ्याने फोटोच्या आतच लिहिलेली असते, ती हलत नाही. लावताना 'डेट टेकन'ने लावा.

नव्या लॅपटॉपवर उतरवताना एक सापळा आहे, आणि त्यात फार माणसं अडकतात. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलात की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हशी जोडले जातात. तुम्ही डॉक्युमेंट्समध्ये १८० जीबी ओतलं की वनड्राइव्ह ५ जीबीला भरतं आणि तक्रारींचे निरोप सुरू होतात. मग माणूस जागा करायला वनड्राइव्हच्या साइटवर जाऊन फाइली खोडतो, आणि त्या लॅपटॉपवरूनही जातात. म्हणून आधी खालच्या पट्टीतल्या ढगाच्या चिन्हावर जाऊन सेटिंग्जमध्ये 'मॅनेज बॅकअप' बंद करा. नंतर डी ड्राइव्ह असेल तर त्यावर, नसेल तर थेट सी ड्राइव्हवर 'जुना संगणक' असा फोल्डर करून सगळं त्यात जसंच्या तसं उतरवा. त्या फोल्डरला हात लावायचा नाही. कामाच्या फाइली त्यातून कॉपी करून घ्यायच्या. उघडण्याआधी विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन करा. लॅपटॉपची डिस्क कूटबद्ध म्हणजे एन्क्रिप्ट झालेली आहे का तेही सेटिंग्जमध्ये बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती कागदावर लिहून बँकेच्या कागदांसोबत ठेवा, नाहीतर उद्या लॅपटॉप बिघडला तर डिस्क चांगली असूनही काही हाती लागणार नाही.

आता यजमानांचे लेख. इथे मी जरा जास्त थांबते, कारण मराठी घरांमध्ये हाच डेटा सर्वांत आधी हरवतो.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी आपल्याकडे श्रीलिपी, आयएसएम, आकृती, कृतिदेव अशा प्रणालींवर मराठी टाइप होत असे. त्या फाइलीत संगणकाच्या लेखी मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक असतात, आणि त्या क्रमांकांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. एका प्रणालीचा क्रम दुसरीला लागू नाही. म्हणून योग्य फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरं दिसतात, आणि चुकीचा मराठी फॉन्ट लावला तर दिसतं मराठीच, पण भलतंच.

नव्या लॅपटॉपवर वर्डमध्ये लेख उघडा आणि मजकुरात कर्सर ठेवून वर फॉन्टच्या चौकटीत बघा. फॉन्ट बसवलेला नसला तरी वर्ड त्याचं मूळ नाव तिथे दाखवतं: 'श्री-देव-०७०८', 'डीव्हीबी-टीटी सुरेख' असं काहीतरी. नाव वहीत टिपा. एका लेखात दोन-तीन फॉन्ट असू शकतात, मथळ्याचा वेगळा, मजकुराचा वेगळा. जुन्या मशीनवर कंट्रोल पॅनेलमधल्या 'फॉन्ट्स'मध्ये त्या नावाची फाइल शोधा, कॉपी करून एक्सटर्नल डिस्कवर घ्या. खरं तर त्या घराण्यातले सगळेच फॉन्ट घ्या. लॅपटॉपवर आणून राइट क्लिक, 'इन्स्टॉल फॉर ऑल युझर्स'. वर्ड बंद करून पुन्हा उघडलं की लेख वाचता येतील.

हे होईपर्यंत एक गोष्ट कटाक्षाने टाळा. सगळा मजकूर निवडून मंगल किंवा दुसरा मराठी फॉन्ट लावून बघण्याचा मोह होतो. तो लावून फाइल सेव्ह केली की मूळ फॉन्टचं नाव पुसलं जातं, आणि पुढच्या माणसाला मजकूर कुठल्या प्रणालीतला हे ओळखायला अंदाजच बांधावे लागतात.

फॉन्ट बसला म्हणून थांबू नका. जुन्या मशीनवर प्रत्येक लेखाची पीडीएफ करून ठेवा. वर्ड २०१० मध्ये 'सेव्ह ॲज'मध्येच पीडीएफ आहे, २००७ असेल तर त्याच्या सर्व्हिस पॅक २ पासून ती सोय आहे. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधला जातो, त्यामुळे लेख फोनवरही जसाच्या तसा दिसतो. 'ऑप्शन्स'मध्ये पीडीएफ/ए असा पर्याय दिसेल, दीर्घकाळ ठेवायच्या कागदांसाठीच तो आहे, तो निवडा. एखाद्या फॉन्टच्या मालकाने आत बांधायला मनाई केलेली असेल तर वर्ड त्या मजकुराचं चित्र करून टाकतं. वाचायला ते चालतं, शोधायला चालत नाही.

लेख पुढे छापायचे असतील, कुणाला संपादनाला द्यायचे असतील, तर ते युनिकोडमध्ये आणावे लागतील. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक प्रणालीचा वेगळा. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो. कन्व्हर्टरला ही उलथापालथ करावी लागते आणि तिथेच तो चुकतो. 'आर्थिक' हा शब्द तपासा, त्यात वेलांटी आणि रफार दोन्ही एकाच अक्षरावर आहेत. 'वऱ्हाड', 'सुऱ्या', 'ज्ञान', 'ऑफिस' हेही बघा. एवढे बरोबर आले तर कन्व्हर्टर कामाचा आहे. मजकुरात मध्येच इंग्रजी शब्द असतील तर त्यांचं कडबोळं होतं, कारण साधा मजकूर चिकटवला की कुठला शब्द कुठल्या फॉन्टमध्ये होता हे कन्व्हर्टरला कळत नाही. ते शब्द हाताने परत घालावे लागतील. एकेक लेख पीडीएफ शेजारी ठेवून वाचत दुरुस्त करा. हे काम महिनोन्महिने चालू द्या, घाई नाही. मूळ फाइल मात्र कधीही खोडू नका.

टॅली. आधी जुन्या मशीनवर टॅलीच्याच 'बॅकअप' आज्ञेने बॅकअप घ्या आणि शिवाय सगळा 'डेटा' फोल्डरही कॉपी करा. त्यात पाच आकडी नावांचे फोल्डर दिसतील, प्रत्येक म्हणजे एक कंपनी. मग लायसन्स 'सरेंडर' करा, म्हणजे या मशीनवरून सोडून द्या. ते जुन्या मशीनवरूनच, इंटरनेट जोडून करायचं असतं. हे राहिलं आणि मशीन गेलं की नव्यावर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडतं, ज्यात महिन्यातल्या मोजक्याच तारखांच्या नोंदी करता येतात. नव्या लॅपटॉपवर टॅलीप्राइमची अलीकडची आवृत्ती असेल तर ती जुना डेटा 'मायग्रेट' करायला, म्हणजे नव्या आवृत्तीच्या रूपात बदलायला, सांगेल. एकदा मायग्रेट केलेला डेटा जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून मूळ बॅकअपला धक्का लावू नका. मायग्रेशननंतर मागच्या वर्षीचा ताळेबंद काढून ऑडिट झालेल्या छापील प्रतीशी आकडे जुळवा. टॅलीचा चालू डेटा वनड्राइव्हसारख्या, इंटरनेटवरच्या प्रतीशी आपोआप जुळत राहणाऱ्या म्हणजे सिंक होणाऱ्या, फोल्डरमध्ये ठेवू नका. टॅली फाइलीत लिहीत असतानाच सिंक ती उचलायला जातं.

संस्थेबद्दल आणखी एक सुचवावंसं वाटतं. पत्रात तुम्ही 'माझा डेटा' म्हणताना लेख, फोटो आणि संस्थेचे हिशोब एकत्र मोजले आहेत. हिशोब आणि सभासदांची कागदपत्रं तुमची नाहीत, संस्थेची आहेत. उद्या नवी कार्यकारिणी आली की ती सुपूर्द करावी लागतील. नव्या लॅपटॉपवर पहिल्याच दिवशी दोन वेगळे फोल्डर करा, आणि संस्थेच्या फोल्डरची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर खजिनदारांकडे ठेवा. तुमच्या घरचे फोटो आणि शेजाऱ्यांचे आधार कार्ड एकाच जागी असण्याची जबाबदारी तुम्ही एकटीने वाहण्याचं कारण नाही.

किरकोळ राहिलेलं: प्रिंटर जुना असेल तर कंपनीच्या साइटवर विंडोज ११ चा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्राम) आहे का ते आधीच बघा. सही करायचं डिजिटल टोकन असेल तर सर्टिफिकेट टोकनमध्येच असतं, लॅपटॉपवर फक्त त्याचा ड्रायव्हर टाकायचा. क्रोममधले पासवर्ड सेटिंग्जमधून 'एक्सपोर्ट' करता येतात, पण ती फाइल कुणालाही वाचता येईल अशी उघडी असते. नव्यावर घेतली की दोन्हीकडून खोडा, रिसायकल बिनही रिकामी करा. बँकेचे पासवर्ड नव्या लॅपटॉपवरून बदलून टाका.

ज्या वाचकांचं जुनं मशीन सुरूच होत नाही त्यांच्यासाठी: मशीन मेलं म्हणजे डिस्क मेली असं नाही. डिस्क बाहेर काढून यूएसबीच्या केसिंगमध्ये, म्हणजे तिला यूएसबीने जोडणाऱ्या डबीत, घाला. ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला काही शे रुपयांत मिळतं, मात्र रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला यूएसबीची वीज पुरते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा ॲडॅप्टर असलेलंच केसिंग घ्या, नाहीतर ती फिरणारच नाही. डिस्क सोबत न्या, कारण वीसेक वर्षांपूर्वीच्या डिस्कला साटाऐवजी ४० पिनांचा रुंद आयडीई जोड असतो आणि त्याचा कनेक्टर निराळा. जोडल्यावर 'युझर्स'मधला फोल्डर उघडताना 'परवानगी नाही' असं आलं तर 'कंटिन्यू' दाबून थांबा, नव्या विंडोजला मालकी मिळायला काही मिनिटं जातात.

ताई, महिना पार पडला, सगळ्यात जुना लेख, सगळ्यात मोठा व्हिडिओ आणि मागच्या वर्षीचा ताळेबंद नव्यावर उघडून पाहिला, की दुकानदाराला सांगा: मशीन देते, पण हार्ड डिस्क काढून. दोन केबल आणि चार स्क्रू. त्याने भाव कमी केला तर करू द्या. काढलेली डिस्क वर्षभर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. नंतर ती केसिंगमध्ये घालून तिच्या प्रत्येक ड्राइव्हला फॉरमॅट मारा, 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून. तसं केलं तरच विंडोज सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितं. क्विकने फक्त यादी पुसली जाते, फाइली तिथेच राहतात आणि साध्या प्रोग्रामने परत निघतात. ५०० जीबीला यूएसबी ३ वर दीड-दोन तास लागतील. त्यानंतर ती भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या आणि दिल्याची पावती घेऊन संस्थेच्या फाइलीत लावून ठेवा.